बायरॉइटच्या कपडेपटात चाळीस मिनिटं

जर्मनीत नुरेम्बर्गहून बायरॉइटला रेल्वेनं तासाभरात पोचलो. त्याआधीचे तीन दिवस किल्ले आणि चर्च बघण्यात गेले. मला ओढ होती ती वानफ्रीडची, म्हणजे जर्मन ऑपेरा-संगीतकार रिखार्ड वाग्नरच्या घराची. तिथल्या संग्रहालयात, बायरॉइटला त्याच्या ऑपेरांचा जो महोत्सव होतो त्यातले जुने पोशाख ठेवलेत. सहलीच्या म्होरक्यानं त्यासाठी दिली फक्त चाळीस मिनिटं! जेवणाला दीड तास दिला होता. अजून राग येतो.

पंधरा वर्षं मी आमच्या हौशी नाट्यसंस्थेचा कपडेपट सांभाळते. त्यामुळे काचेसमोर उभी राहिले तेव्हा नजर जरीकडे न जाता थेट काखेकडे गेली. एका अंगरख्याला आतून जादा कापड लावलेलं, शेजारी शिवण उसवल्याची बारीक भोकं. एकाच्या मापाचा अंगरखा दुसऱ्यासाठी सैल केलेला. महोत्सव ऐन जुलै-ऑगस्टात, त्यात वाग्नरच्या 'गॉटरडेमरुंग' या ऑपेराचं नुसतं संगीतच चार तासांच्या वर. एवढं जड कापड पेलत माणूस गायचा कसा?

'रिंग' हे उत्तर युरोपातल्या पुराणकथांमधल्या देवांवरचं चार ऑपेरांचं चक्र ('गॉटरडेमरुंग' त्यातलंच शेवटचं) इथे १८७६ साली पहिल्यांदा सलग झालं. कपडे कार्ल एमिल डोप्लरचे. त्यानं जुने दागिने, शस्त्रं अभ्यासून चित्रं काढली. शिंगांचं शिरस्त्राण लोकांच्या मनात ठसलं ते बरंचसं त्याच्यामुळे. खरे व्हायकिंग तसलं काही घालत असल्याचा पुरावा नाही. वाग्नरची बायको कोझिमा हिला ते पोशाख अजिबात रुचले नाहीत. 'रेड इंडियन' टोळीप्रमुखांची आठवण होते, असं तिनं रोजनिशीत लिहिलंय. मी मात्र डोप्लरच्या बाजूची. देवांचे कपडे पाहिलेत कुणी? शिवणारा पुरावे शोधतो, बघणाऱ्याला स्वप्न हवं असतं. प्रत्येक पौराणिक नाटकाच्या वेळी आमच्याकडेही हाच वाद होतो.

१९५१ मध्ये वाग्नरचा नातू, दिग्दर्शक वीलांड यानं पिसं, शिंगं, खडक सगळं काढून टाकलं. जवळजवळ रिकामा रंगमंच, साधे झगे आणि प्रकाश. हिटलरच्या वावरानं डागाळलेल्या या जागेला ते करावंच लागणार होतं, असं मला वाटतं. १९७६ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक पात्रीस शेरोनं 'रिंग'मधल्या देवांना एकोणिसाव्या शतकातल्या श्रीमंतांचे कोट चढवले, ऱ्हाइन नदीत राहणाऱ्या ऱ्हाइनकन्यांना धरणावर आणलं. लोक संतापले, शिट्ट्या वाजल्या. १९८० साली त्याच निर्मितीच्या अखेरच्या प्रयोगाला टाळ्या खूप वेळ चालल्या.

बाहेरून नावानं हाका सुरू झाल्या. मी पुन्हा त्या अंगरख्यापाशी गेले. पाठीवरचा एक हूक वेगळ्याच रंगाच्या दोऱ्यानं टाचलेला होता. विंगेत, प्रयोग चालू असताना, कुणीतरी घाईघाईनं लावला असणार.