सम सोडल्यावर

आषाढातला रविवार, रात्रीचे सव्वाअकरा

पाऊस आत्ताच थांबला. तबल्यावर अजून गवसणी घातलेली नाही. दमट हवेने चाट, म्हणजे पुडीच्या कडेचा सूर, उतरलीय, पण आज ती हातोडीने चढवावीशीही वाटली नाही. संध्याकाळचं विसरण्याआधी लिहून ठेवतो.

लग्नसराई संपली की बापू मोकळा. अमळनेरात बँडमध्ये वीस वर्षं क्लॅरिनेट वाजवतोय. भाचा ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो, तोही सध्या घरीच. दोघांना बोलावलं आणि गेले दोन महिने मला झोपू न देणारी ती ध्वनिमुद्रिका ऐकवली. अमेरिकी जॅझवादक अल्बर्ट आयलर सॅक्सोफोनवर, गॅरी पीकॉक बेसवर, सनी मरे ड्रमवर. १० जुलै १९६४, न्यूयॉर्क. सगळं मिळून जेमतेम अर्धा तास. नाव ‘स्पिरिच्युअल युनिटी’.

पहिली चाल सुरू झाली तसा बापू सरळ बसला. “भाऊ, हाई ते वरातनं वाजाडनं शे!” त्याचं खरंच होतं. लहान पोरानेही गुणगुणावी इतकी साधी चाल, आणि सूर असा थरथरता, उघड्या रस्त्यावर लांब पोहोचावा म्हणून फुंकलेला. आयलरने अमेरिकी लष्कराच्या बँडमध्ये वाजवलं होतं हे मी नंतर सांगितलं. बापूने नुसती मान हलवली, जणू त्याला ते आधीच कळलं होतं.

मग चाल तुटली आणि बापूने तोच प्रश्न विचारला जो मला पहिल्या दिवशी पडला होता. “येनी सम कोठे शे?”

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथे सगळे येऊन भेटतात. ती इथे नाही. मरे ठेका देतच नाही. झांजा सतत सळसळत राहतात, मधेच ढोल फुटतो, आणि मात्रा मोजायला जावं तर मोजायला काही सापडत नाही. पीकॉकही आधाराचा सूर धरून बसत नाही, आपली वाट आपण चालतो. मी आयुष्यभर दुसऱ्याला ठेका दिला. गाणारा कुठेही जाऊ दे, परत येताना त्याला समेचा धा सापडला पाहिजे, हे माझं काम. त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे बेजबाबदार वाटलं होतं. तो राग खोटा नव्हता.

मत बदललं ते एका गोष्टीमुळे. या मुद्रिकेत ‘घोस्ट्स’ ही एकच चाल दोनदा आहे, सुरुवातीला पाचेक मिनिटं आणि शेवटी दहा. दोन्ही लागोपाठ लावून ऐकल्या. आयलर चालीतून बाहेर पडतो तेव्हा तिचे सूर सोडतो, पण तिची चढ-उतार सोडत नाही. जिथे ओळ वर जाते तिथे त्याची किंकाळी वर जाते, जिथे ओळ टेकते तिथे तीही टेकते. सूर ओळखू येत नाहीत, पण वाक्य कळतं. तबल्यात कायद्याचे, म्हणजे ठरावीक बोलांच्या रचनेचे, पलटे करताना आम्ही बाहेरचा बोल घेत नाही, कायद्यातलेच बोल उलटेपालटे करतो. इथे बोल कुठलाही चालतो, पण वाक्याची लकब ठरलेली. रचना तिथे आहे. ती वाजत नसतानाही तिघांच्या कानात आहे.

भाच्याला हे पटलं नाही. म्हणाला, “मामा, मग आपण काहीच न ठरवता बसू.”

बसलो. चार मिनिटंही टिकलो नाही. तिघेही एकाच वेळी जोरात, कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं, आणि मग तिघेही एकदम थांबलो. नंतर खोलीत फार अवघडल्यासारखं झालं. बापूने क्लॅरिनेटची रीड काढली, तोंडात धरली, ओली करून पुन्हा बसवली, आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

मग मी आई श्रावणात कानबाई या आमच्या खानदेशी देवीपुढे म्हणते त्या गाण्याची चाल घेऊ म्हटलं. तिच्या गाण्यात ओळ तीच राहते, पण ज्याच्या घरी कानबाई बसलीय त्याच्या घरातली नावं ती त्या त्या वेळी घालते. कुठलं नाव लांब, कुठलं आखूड. आखूड असेल तर ती शेवटचं अक्षर ओढून जागा भरते. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. आमचं ठरलं एवढंच: सुरुवातीला प्रत्येकाने चाल एकदा सरळ वाजवायची. नंतर वाजवायची सक्ती नाही, विसरायची परवानगी नाही.

या वेळी अकरा मिनिटं गेली. बापू वर चढला तेव्हा मी ठेका सोडला. डाव्या हाताचा तळवा डग्ग्यावर दाबत पुढे सरकवला, नुसता घुमारा वर चढवत नेला. त्याने मान वळवून पाहिलं आणि तोच चढ क्लॅरिनेटवर घेतला. भाच्याने हात तारांवरून उचलून मांडीवर ठेवले. त्या न वाजवण्यानेच आमच्या दोघांना जागा झाली. आधीच्या वेळी ही जागा नव्हती, कारण कुठून निघालोय हेच कुणाला माहीत नव्हतं.

चहा पिताना बापूने विचारलं, “येना पैसा कोण देस?” मी त्याला त्याच्याच वाद्याची गोष्ट सांगितली. १९६१-६२ मध्ये जिमी जुफ्री क्लॅरिनेटवर, पॉल ब्ले पियानोवर आणि स्टीव्ह स्वॅलो बेसवर, असे तिघे ड्रमशिवाय असंच वाजवत होते. एका रात्री प्रत्येकाच्या वाट्याला ३५ सेंट आले आणि ती त्रयी तिथेच मोडली. बापू गप्प झाला. मग म्हणाला, पुढच्या रविवारी येतो.

आई बाहेरच्या खोलीत तांदूळ निवडत होती. ते गेल्यावर मला म्हणाली, “दुसरी ओळ तुम्ही कोणीच घेतली नाही रे. त्या बापूने फक्त एकदा घेतली, शेवटी.”

आत्ता फोनवरचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. नवव्या मिनिटाला आहे ती. वाजवताना माझ्या लक्षात आली नव्हती. त्या जागी मी ठेक्यात शिरलोय, धा धिं धिं धा, चांगला चार आवर्तनं. पुढच्या रविवारी तिथे हात उचलून बघायचाय.