दीड तोळ्याचा बाण

बाणांचा पहिला डझन मी चुकीचा घेतला. तीन हजार नऊशे रुपये गेले, आणि ते बायकोच्या भिशीचे होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात तो विषय अजून निघतो.

साताऱ्यात माझं दुचाकीचं गॅरेज आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या साताऱ्याची आदिती स्वामी बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा ती १७ वर्षांची होती. आमची थोरली तेव्हा बाराची. तिनं बोटावर हिशेब केला आणि म्हणाली, "पप्पा, माझ्याकडं अजून पाच वर्षं हायत." मी हसलो. 'हे आपल्यासारख्यांचं काम न्हाय' असं म्हणायचीही सोय नव्हती. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आईबापांच्या घरातून टोकियो ऑलिंपिकला गेला, हे तिला पाठ होतं.

मैदानावर तिरंदाजी शिकवणाऱ्या सरांनी एक जुनं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढं वळलेलं, धनुष्य तिला वापरायला दिलं. "धनुष्य वर्षभर आमचं चालंल," ते म्हणाले, "बाण मात्र स्वतःचे घ्या. बाण ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाचा लागतो." कुठले घ्यायचे हे विचारायला मी थांबलो नाही. वीस वर्षं गाड्यांचे पार्ट घेतोय, बाण काय, एक दांडा आणि एक टोक.

रात्री मोबाइलवर स्वस्त बाण शोधायला बसलो. जे सल्ले सापडले ते जवळपास सगळे अमेरिकेतल्या हरणाच्या शिकाऱ्यांचे. कमी पैशांत चांगला बाण कसा निवडायचा हे ती माणसं फार बारकाईनं सांगतात: जड घ्या, ताठ घ्या, टोकाला धारदार पाती लावा. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद, एवढं मलाही ठाऊक होतं, म्हणून पाती सोडून दिली. बाकी सल्ला मात्र जसाच्या तसा उचलला. बाण तो बाण. चारशे नंबरचे, तीस इंची, काळे कुळकुळीत कार्बनचे बारा नग मागवले. हातात घेतल्यावर पुशरॉडसारखे कडक लागले आणि मी खूश झालो.

सरांनी एक बाण हातात धरून थोडा वाकवायचा प्रयत्न केला, माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता तो पोरीला दिला. वीस मीटरवर पिसांचे तीन बाण बटाच्या, म्हणजे निशाण लावायच्या जाड पाटीच्या, डाव्या कडेला लागले. मग एका बाणाची पिसं काढून तोच सोडायला लावला. तो पिसांच्या बाणांच्याही दोन फूट डावीकडं, बट सोडून मागच्या जाळीत. उजव्या हातानं ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण डावीकडं गेला तर बाण धनुष्याच्या मानानं फार ताठ, उजवीकडं गेला तर फार नरम. पिसं बाणाची चूक झाकतात, म्हणून ती काढून बघायची. तीस मीटरला तर साइट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, अगदी तळापर्यंत खाली आणली तरी बाण बटाच्या पायाशीच पडत होते.

त्या दिवशी मैदानाच्या कट्ट्यावर बसून मला जे कळलं ते असं. बोटांतून दोरी सुटते तेव्हा बाण सरळ जात नाही. मागून दणका बसतो, पुढचं वजन जागेवर राहायला बघतं आणि मधला दांडा पाण्यातल्या माशासारखा वळवळत धनुष्याच्या कडेनं निघतो. त्याची वळवळ धनुष्याच्या ताकदीशी जुळली तर तो नीट निघतो. हरणाच्या शिकाऱ्याला पन्नास-साठ पाउंड जोराच्या कंपाउंडमधून, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्यातून, एकच बाण खोल रुतवायचा असतो. माझ्या पोरीला स्पर्धेत तेच ते बहात्तर वेळा करायचंय, तेही तिला पेलेल तेवढ्या धनुष्यातून.

आणि तो नंबर! दांडा २८ इंचांच्या अंतरावर दोन टेकूंवर ठेवायचा, मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगायचं आणि तो इंचाच्या किती हजाराव्या भागानं लवतो ते मोजायचं. चारशे म्हणजे ०.४ इंच, हजार म्हणजे पुरा एक इंच. म्हणजे आकडा मोठा तसा दांडा नरम. आमच्या धंद्यात तारेचा गेज असाच उलटा चालतो, नंबर वाढला की तार बारीक. रोज तार हाताळणाऱ्या माणसानं हे ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या खेपेला मोजूनच घ्यायचं ठरवलं. धनुष्याच्या पात्यावर, म्हणजे वाकणाऱ्या बाजूवर, २४ पाउंड लिहिलेलं होतं, पण तो आकडा २८ इंच ओढल्यावरचा असतो. पोरीचे दोन्ही हात पसरून मधल्या बोटापासून मधल्या बोटापर्यंत टेप लावला: १५८ सेंटिमीटर. त्याला अडीचनं भागायचं. ६३ सेंटिमीटर, म्हणजे पंचवीस इंच. तीन इंच कमी ओढते म्हटल्यावर जोरही कमी पडणार. बॅग तोलायचा हुकाचा काटा दोरीला अडकवून तिच्या मापापर्यंत ओढला तर साडेआठ किलो आले, म्हणजे एकोणीस पाउंडाच्या आतच. चोवीस समजून बाण घेतले असते तरी ते ताठच निघाले असते. सर म्हणाले, "हजार नंबर घ्या, अठ्ठावीस इंच लांब ठेवा. आखूड करू नका, पोर वाढतीय." बाण आखूड पडला तर ओढताना टोक रेस्टच्या, म्हणजे बाण टेकतो त्या आधाराच्या, मागं येतं आणि सुटला तर हातात घुसतो. लांब असला तर थोडा नरम वागतो, एवढंच. जास्त ताठ वाटला तर टोक जड लावून नरम करता येतो, पुढं कापून ताठही करता येतो. कापलेला मात्र जोडता येत नाही.

मग भावाचा प्रश्न. मोठ्या कंपनीचे स्पर्धेचे बाण माझ्या आवाक्यातच नव्हते, तो विषय तिथंच संपला. ॲल्युमिनियमचा विचार केला, सुरुवातीला तो वाईट नाही, सगळे दांडे एकसारखे येतात. पण पोरं बटाची लाकडी चौकट हमखास मारतात आणि वाकलेला ॲल्युमिनियम पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. साध्या कार्बनमध्ये एक गोष्ट लक्षात आली. तोच दांडा सरळपणाच्या प्रतीनुसार वेगळ्या किमतीला विकतात. एक हजारांश इंचाच्या आतला महाग, तीनचा मधला, सहाचा स्वस्त. सहा हजारांश म्हणजे दीड दशांश मिलिमीटर. माझ्या पोरीचा हात त्याच्या कितीतरी पट हलतो. मी सहाचे घेतले. तिघा पालकांनी मिळून एकत्र मागवले म्हणून बारा दांडे, टोकं, नॉक (मागची दोरीत अडकणारी खाच) आणि पिवळी पिसं मिळून तीन हजार चारशेत बसलं.

स्वस्तात एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे बाराही सारखे असणं. महाग बाणाचे बरेच पैसे कारखान्यात कुणीतरी ते निवडून ठेवलेले असतात, त्याचे. ते काम मी घरी करायचं ठरवलं.

लोखंडी अँगलवर २८ इंचांवर जुन्या बेअरिंगच्या दोन जोड्या बसवल्या, म्हणजे दांडा जागेवर फिरवता येईल. डालड्याच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून शेजारच्या किराणा दुकानात ८८० ग्रॅम तोलून घेतलं. व्हर्नियरची, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीची, मागची दांडी लावून लवण मोजली. पंचवीस मिलिमीटरच्या आसपास यायला हवी होती. बारांत सर्वांत ताठ दांडा २४.३, सर्वांत नरम २६.४. शिवाय तोच दांडा बेअरिंगवर फिरवला की आकडा बदलायचा, एका अंगाला ताठ, दुसऱ्याला नरम. प्रत्येकाच्या ताठ अंगावर पेनानं रेघ मारली आणि नॉक बसवताना ती रेघ सगळ्यांची एकाच बाजूला ठेवली. यात दोन रविवार गेले. बायको एकदा डोकावून म्हणाली, "गाडीचं काम हाय का हे?" मी हो म्हणालो.

वजनाला माझ्याकडं काटा नव्हता. बाणाची वजनं ग्रेनमध्ये मोजतात आणि एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅम. किराणाचा काटा तिथं काय करणार? मोती चौकात एक सराफ आहेत, त्यांची स्कूटर माझ्याकडंच असते. दुपारी गिऱ्हाईक नसताना पिशवी घेऊन गेलो.

"काय मोडायला आणलंस?" अण्णा म्हणाले.

"मोडायचं न्हाय अण्णा, तोलायचंय. बाण हायत."

"कुणाला मारायचाय?"

सांगितल्यावर त्यांनी चष्मा बदलला. ग्रेन म्हणताच म्हणाले, "अरे, हे आमचंच की. जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा, इंग्रजांनी ठरवलेला. ११.६६ ग्रॅम. आता दहा ग्रॅमला तोळा म्हणतात ते सोड. ९६ गुंजांचा तोळा, म्हणजे गुंज पावणेदोन-दोन ग्रेनची." मग त्यांनी स्वतःच एकेक दांडा काट्यावर ठेवायला सुरुवात केली, मला हात लावू दिला नाही. मजा अशी की दांडे वजनाला बऱ्यापैकी जुळत होते, गडबड टोकांत होती. शंभर ग्रेनची म्हणून घेतलेली टोकं ९६ पासून १०३ पर्यंत. जड टोक हलक्या दांड्याला, हलकं टोक जड दांड्याला, अशा जोड्या अण्णांनीच लावल्या. एका बाणाचं सगळं वजन साडेसतरा ग्रॅमच्या आसपास आलं. "दीड तोळा," अण्णा म्हणाले. "जपून वापर म्हणावं." माझे पहिले चारशेचे बाण पंचवीस ग्रॅमचे होते, म्हणजे दोन तोळ्यांच्याही वर.

टोक चिकटवताना पुन्हा शहाणपणा केला. गरम करायचा गोंद होता, मी ब्लोलॅम्प दांड्याच्या तोंडाशीच धरला. कार्बनमधला राळेसारखा पदार्थ जळाला, वास सुटला आणि दांडा तोंडाला मऊ पडला. एक गेला. पक्कडीत टोक धरून फक्त टोक तापवायचं, गोंद लावायचा आणि दांड्यात फिरवत सरकवायचं, हे अकरांवर शिकलो.

मग प्रत्येक बाणावर आकडा टाकला आणि पोरीला वही दिली. तीन आठवडे तिनं कुठला आकडा कुठं लागला ते लिहिलं. माझा बेअरिंगचा अँगल एकीकडं, वही एकीकडं. वजनात आणि लवणीत अगदी जुळलेला सात नंबर कायम वर-उजवीकडं जायचा. नॉक बदलला, पिसं बदलली, तरी तेच. का, ते सरांनाही सांगता आलं नाही. सात बाजूला काढला. एका फेरीत सहा बाण लागतात, त्यामुळं सहा पक्के आणि दोन जोडीला असले की काम भागतं. डझन सगळाच चांगला निघेल ही अपेक्षा स्वस्तात ठेवायची नाही.

रोजची एक सवय मात्र मी सक्तीची केली. बाण काढला की कानाजवळ धरून थोडा वाकवायचा, फिरवून पुन्हा वाकवायचा. 'कट्' आवाज आला की तो बाण तिथंच बाद, कितीही नवा असो. तडा गेलेला कार्बन सुटताना फुटतो आणि त्याच्या काड्या पंजात शिरतात. यात काटकसर नाही.

पहिल्या स्पर्धेत वेगळाच घोळ झाला. आदल्या रात्री दोन बाणांची पिसं निघाली होती आणि पिवळी संपलेली, म्हणून मी लाल लावली. सकाळी साहित्य तपासताना पंचांनी ते दोन बाजूला ठेवले. एका फेरीतले सगळे बाण रंगानं आणि पिसांनी सारखे हवेत, शिवाय प्रत्येकावर खेळाडूचं नाव किंवा आद्याक्षरं हवीत. आद्याक्षरं तिथंच पेनानं काढली. पिसांचं काय करणार? उरलेल्या सहांवर भागवलं. एक जरी मोडला असता तर पुढं काय केलं असतं कोण जाणे.

चारशेच्या डझनापैकी दहा बाण मैदानावरच्या एका मोठ्या मुलानं निम्म्या भावात घेतले. त्याच्या कंपाउंडला ते छान बसले. भिशीचा हिशेब थोडा हलका झाला. एक तोवर मोडला होता, एक घरी राहिला.

मैदानाच्या मागं ऊस आहे. पावसाळ्यात बटावरून गेलेला नऊ नंबर त्यात हरवला, शोधून शोधून हात कापले तरी मिळाला नाही. फेब्रुवारीत तोडणी लागली. मी पोरीला आणायला गेलो तर तोडकऱ्यांचा एक सहा-सात वर्षांचा पोरगा नऊ नंबर हातात घेऊन कडेला उभा. "तुमचा हाय का?" त्यानं विचारलं. मी तो घेतला, कानाजवळ धरून वाकवला. कट्. त्याला परत द्यायचीही सोय नव्हती, काड्या हातात गेल्या असत्या. टोक आणि नॉक काढून खिशात टाकले. पोरगा तिथून हलेना.

दुसऱ्या दिवशी घरातला उरलेला चारशेचा बाण नेला. टोक काढलं होतं, दोन्ही कडांना इन्सुलेशन टेप घट्ट गुंडाळली होती. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. त्याच्या वयाला तो जडच होता.