ग्लास

4 जानेवारी आणि 27 जून या दोन तारखांना आम्हा साउंडवाल्यांना सहसा सुट्टी नसते. पंचम, म्हणजे संगीतकार आर. डी. बर्मन, गेले ते 4 जानेवारी 1994 ला, आणि वाढदिवस 27 जूनचा. मी या कार्यक्रमांना आनंदाने जातो. पैसे कमी मिळाले तरी जातो, कारण मिक्सरवर बसून पंचम ऐकण्यासारखं सुख नाही.

त्या वर्षीच्या जाहिरातीत ‘22 वादकांचा लाइव्ह ताफा’ असं ठळक छापलं होतं. मी तेवढ्या हिशेबाने केबल आणि माइक घेऊन दुपारीच पोहोचलो. आले नऊ जण. उरलेले तेरा लॅपटॉपमध्ये होते.

लॅपटॉपमधून दोन तारा निघतात. डाव्या तारेत आधी भरून ठेवलेलं संगीत, म्हणजे ट्रॅक, ते सभागृहाला. उजव्या तारेत नुसती क्लिक, म्हणजे लयीची टक-टक. ती फक्त ड्रमरच्या हेडफोनमध्ये जाते. तो तिला धरून वाजवतो आणि बाकीचे त्याला धरून. स्टेजवर दोन्ही तारांना सारखीच पिन, आणि मिक्सरकडे जाण्याआधी ती जिथे लागते तो डबाही सारखाच. मी कॅसेटवर चिकटपट्टी लावतात तशी पट्टी लावून माझ्या मिक्सरवर संगीताला 23 आणि क्लिकला 24 लिहिलं. डब्यांवर लिहायचं राहिलं.

साउंड चेकला एक वयस्कर तालवादक आले. पिशवीतून पंच्यात गुंडाळलेला काचेचा ग्लास आणि चमचा काढला. ‘चुरा लिया है’साठी. ‘यादों की बारात’ 1973 चा. त्या गाण्याच्या सुरुवातीचा काचेवरचा ठोका ज्याला आठवत नाही असा माणूस त्या सभागृहात तिकीट काढून आलाच नसता. काकांनी ग्लासात पाणी ओतलं, चमचा मारला, कान तिरका केला, एक घोट पाणी प्यायले, पुन्हा मारला. काचेवर ठोका दिला की पाणी कमी होईल तसा स्वर चढतो. (बाटलीत फुंकलं तर उलटं होतं, पाणी वाढलं की चढतो.) तिसऱ्या घोटाला स्वर लागला. मी माझा सगळ्यात चांगला कंडेन्सर माइक त्यांच्यापुढे लावला. त्या बारीक आवाजासाठी साधा माइक उपयोगाचा नाही.

तेवढ्यात आयोजक आले. “दादा, तो माइक काढा. ग्लास ट्रॅकमध्ये आहे. आणि सॅक्सोफोनपण खालीच ठेवा, तोही आहे.”

काका माझ्याकडे बघत होते. मी माइक काढला. वाद घालायला हवा होता, हे आता लिहिताना सोपं वाटतं.

पहिला भाग बरा गेला म्हणायचा. गायिका मनापासून गात होती. पण पट्टी ठरलेली, लय ठरलेली, एक आवर्तन जास्त घ्यायची सोय नाही. लोकांनी ‘वन्स मोअर’ दिला की निवेदिका हसून पुढे सरकायची, कारण पुढचा ट्रॅक सुरू झालेला असायचा. पंचमच्या सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंगांनी ज्या गाण्यांत जीव ओतला होता, त्यांतला सॅक्सोफोन कुणीतरी कीबोर्डवर भरून आणला होता. एकदा वादकाने रुमालाने कपाळ पुसलं आणि सूर चालूच राहिला. चौथ्या रांगेतली एक बाई वळून माझ्याकडे बघायला लागली. काहीही बिनसलं की लोक साउंडवाल्याकडे बघतात, पण या वेळी तिचं बरोबर होतं.

मध्यंतरात पुढच्या प्रायोजकाची फिल्म दाखवायला कुणीतरी लॅपटॉप काढून नेला आणि तिसऱ्या घंटेला परत जोडला. डबे अदलाबदल करून.

दिवे मंद झाले, “आणि आता ते गाणं…” म्हणत निवेदिकेने ग्लासाचा किस्सा सांगितला. मी 23 चा फेडर, म्हणजे आवाजाची सरकती कळ, वर नेला. सभागृहात आलं फक्त टक, टक, टक, टक.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

मला कळायला दोन-तीन सेकंद लागली. लोकांना तो ग्लास वाटला होता. ड्रमरच्या कानात अख्खं संगीत वाजत होतं आणि तो स्टेजवरून हातवारे करत होता. गायिका ‘सा’ शोधत उभी. मागे काका मांडीवर पिशवी घेऊन बसले होते; त्यांच्यापुढे माइक नव्हता. मी 23 खाली घेतला, 24 वर, ड्रमरच्या हेडफोनला 24 ऐवजी 23 दिला, आणि गाणं मुखड्याच्या आत सावरलं. नीट संपलंसुद्धा.

कार्यक्रमानंतर केबल गुंडाळत होतो. काका पिशवी घेऊन समोरून गेले, हात वर केला, बोलले काही नाहीत. मागोमाग एक गृहस्थ खास मिक्सरपाशी आले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, “बाकी काही म्हणा, पण ग्लासचा आवाज काय स्वच्छ आला हो!”

मी थँक्यू म्हणालो.