नांगर लागला की मान टाकणारा जुना ट्रॅक्टर

उभ्यावर सुरू केला की ठोका स्वच्छ, रेस दिली तरी आवाजात खोट नाही. नांगर जमिनीत गेला किंवा चढ लागला की मात्र आवाज जड होतो, आरपीएम उतरतात आणि इंजिन बसतं. रिकाम्या इंजिनाला डिझेल लागतं थोडंसंच, आणि अर्धा चोंदलेला फिल्टरही तेवढं आरामात पुरवतो. म्हणून जागेवर उभं राहून रेस देऊन केलेल्या तपासणीला काही अर्थ नाही. बिघाड शोधायचा तो लोडवरच, म्हणजे इंजिनावर कामाचा भार असताना.

आधी एक खात्री करून घ्या. ट्रॅक्टर अडतो तेव्हा इंजिनाचा आवाज खाली बसतो की वर चढतो? आवाज चढतोय आणि चाकं मंदावताहेत, तर क्लच स्लिप होतोय. इंजिनाला हात लावू नका. ब्रेक चिकटून राहतोय का हेही याच वेळी बघा. थोडं चालवून हात ब्रेकच्या ड्रमजवळ नेला तरी एका बाजूची धग कळते.

आवाज बसत असेल तर एकाने ट्रॅक्टर लोडवर चालवायचा आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून फक्त धूर बघायचा. दाट काळा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, पण त्याला हवा पुरत नाही किंवा नॉजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) नीट फवारत नाही. पांढुरका, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे डिझेल अर्धवट जळतंय: टायमिंग मागे आहे (डिझेल उशिरा फवारलं जातंय) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) कमी आहे. निळा असेल तर ऑइल जळतंय. आणि धूर वाढतच नाही, इंजिन मुकाट्याने मरतं, तर डिझेलच पोचत नाही. जुन्या ट्रॅक्टरमध्ये हा शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो, आणि सगळ्यात जास्त इंजेक्शन पंप (नॉजलला दाबाने डिझेल देणारे) विनाकारण खोलले जातात तेही यातच.

त्यामुळे सुरुवात टाकीच्या झाकणापासून. झाकणाला हवेचं बारीक छिद्र असतं. ते धुळीने बुजलं की डिझेल उपसलं जाईल तशी टाकीत ओढ तयार होते आणि प्रवाह आटतो. लक्षण ठरलेलं: वीस-पंचवीस मिनिटं चांगला चालतो, मग दम जातो, दहा मिनिटं उभा केला की पुन्हा ताजातवाना. दम गेला त्याच क्षणी झाकण सैल करा. ‘फुस्स’ आवाज आला आणि इंजिन सावरलं, तर बिघाड सापडला. झाकण निर्दोष असूनही थांबत-थांबत हेच होत असेल, तर टाकीच्या तळाचे गंजाचे पापुद्रे ओढीबरोबर तोटीवर येऊन बसतात आणि इंजिन बंद झालं की खाली पडतात. अशा वेळी फिल्टर बदलून चार दिवस बरे जातात, एवढंच. टाकी उतरवून धुवावीच लागते.

पुढे सेडिमेंट बाऊल, म्हणजे डिझेलमधला गाळ आणि पाणी साठवणारी वाटी. काचेच्या वाटीत तळाशी पाण्याचे गोल मणी लोळताना दिसतात. डिझेल त्यांच्यावर वेगळं तरंगतं. वाटीच्या वरची जाळी काढून उजेडासमोर धरा. काही पंपांत पाइप बसतो त्या बँजो बोल्टच्या (पोकळ बोल्टच्या) आत आणखी एक बारीक जाळी असते. ती अनेकांना माहीतच नसते, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणी साफ केलेली नसते. रबरी पाइप बाहेरून शाबूत दिसला तरी आतलं अस्तर सुटून पडद्यासारखं आडवं येतं. जुना पाइप तपासत बसण्यापेक्षा बदलून टाका.

मग फीड पंप, म्हणजे टाकीतून डिझेल ओढून फिल्टरकडे ढकलणारा. फिल्टरकडे जाणारा पाइप सोडून बाटलीत धरा, इंजिन बंद करायचा स्टॉप ओढून ठेवा आणि स्टार्टर फिरवा. कॅमशाफ्टवर चालणारा पंप क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एक जोरदार पिचकारी मारतो. नुसतं ओघळत असेल तर डायफ्राम (पंपातला लवचिक पडदा) किंवा पंपाचे व्हॉल्व्ह गेले. फाटलेल्या डायफ्राममधून डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्येही उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास आला, तर ट्रॅक्टर तिथेच बंद करा. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

टाकी ते फीड पंप या ओढीच्या भागातली गळती फसवी असते. तिथून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत खेचली जाते. फिल्टर आणि इंजेक्शन पंपाच्या मधे पारदर्शक पाइपचा तुकडा घालून लोडवर चालवा. बुडबुडे सलग येत असतील तर प्रत्येक जोड तपासा आणि तांब्याचे वायसर नवे घाला. मग हवा काढायची ती क्रमाने: आधी फिल्टर, नंतर पंपाचे स्क्रू, शेवटी नॉजलचे नट.

धूर काळा असेल तर वाट वेगळी. ऑइल बाथ एअर क्लीनरची (ऑइलमधून हवा गाळणाऱ्या फिल्टरची) वाटी उतरवा. ऑइल खुणेइतकंच हवं. जास्त भरलं तर हवा अडते, शिवाय इंजिन ते ऑइल ओढून स्वतःच सुसाट सुटू शकतं. वरची तारेची जाळी खाली निघत नाही म्हणून ती कधीच धुतली जात नाही. पूर्ण क्लीनर उतरवून धुवा. सायलेन्सरही बघा. आतला पत्रा गंजून कोसळला की बाहेरून पत्ता लागत नाही.

नॉजलची चाचणी अशी: इंजिन चालू असताना एकेका नॉजलचा नट अर्धा आटा सैल करायचा. ज्या सिलिंडरला आवाजात फरक पडत नाही, तो कमजोर. इथे हात दूर ठेवा आणि चष्मा घाला. दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते आणि त्यावर घरगुती इलाज नसतो. जुन्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांचे नॉजल साधारण १७० ते २०० बारला उघडतात. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्या.

एक साधी गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात. एकाने थ्रॉटल पूर्ण ओढायचा आणि दुसऱ्याने पंपावरचा लिव्हर बघायचा. तो मॅक्झिमम स्टॉपच्या स्क्रूला टेकतो का? रॉडची टोकं आणि पिना झिजल्या की हातात थ्रॉटल पूर्ण असतो, पंपाला मात्र पाऊणच मिळतो.

पेट्रोलचा जुना ट्रॅक्टर असेल तर कार्बोरेटरचा ड्रेन उघडून दोन मिनिटं धार बघा, इंजिन बंद आणि थंड असताना. निदान अर्धा लिटर यायला हवं. लोडवर चोक किंचित ओढल्याने ताकद वाढली तर मिश्रण पातळ आहे: जेट, जाळी किंवा मॅनिफोल्डची गळती. फरक पडला नाही तर ठिणगीची बाजू बघा: पॉइंट, तापलेली कॉइल आणि गंजून अडकलेली अ‍ॅडव्हान्सची वजनं तपासा.

एवढ्यातूनही दम आला नाही, तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून कॉम्प्रेशन मोजा. ऑइल भरायच्या झाकणातून धूर भकाभक येत असेल तर रिंगा आणि लायनर संपले. पंपाचं डिझेल वाढवून काळा धूर तेवढा वाढेल, ताकद नाही. इंजेक्शन पंप बेंचवर (चाचणीच्या यंत्रावर) पाठवायचाच झाला तर काढण्याआधी त्याच्या फ्लँजची (इंजिनाला बसणाऱ्या कडेची) खूण इंजिनाच्या खुणेशी जुळते का बघा, नसेल तर छिन्नीने बारीक रेघ मारा. सीलबंद स्क्रूला स्वतः पाना लावू नका.