मिनिआपोलिस ते ग्रँड मरे: कडाक्याच्या थंडीत प्रियसचं इंजिन गरम ठेवताना

जानेवारीत अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिसहून डुलुथ आणि पुढे सुपिरिअर सरोवराच्या काठाकाठाने ग्रँड मरे गाठलं. गाडी तिसऱ्या पिढीची टोयोटा प्रियस, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली हायब्रिड, बाहेर उणे 22 सेल्सिअस. हिवाळ्यात हायब्रिडचं मायलेज पडतं, ही तक्रार इथल्या मराठी मंडळींत नेहमी ऐकू येते. त्याचं मोठं कारण म्हणजे निवणारं इंजिन. सिग्नलला, उतारावर ते बंद होतं, कूलंट (इंजिनात फिरणारं पाणी, ज्याच्या उष्णतेवर हीटर चालतो) थंड पडतं आणि मग निव्वळ हीटरसाठी पुन्हा सुरू होतं. गाडी उभीच, पेट्रोल मात्र जळतंय.

म्हणून इंजिनावर येणारा गार वारा अडवायला निघण्याआधी पुढच्या जाळीच्या फटींत पाण्याच्या पाइपवर चढवतात तो फोम कापून बसवला. वरची जाळी पूर्ण, खालची अर्धीच. इन्व्हर्टरलाही (बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा भाग) गार हवा लागते, तेव्हा सगळं बुजवायच्या मोहात पडू नका. प्रियसला तापमानाचा काटा नाही. ओबीडी पोर्टला (गाडीची तपासणी करायचं सॉकेट) स्कॅनर लावून कूलंटच्या तापमानाचा आकडा समोर ठेवल्याशिवाय फोम लावूच नये, असं माझं ठाम मत आहे.

हायवेवर काळजी नव्हती, आकडा 85 सेल्सिअसच्या आसपास स्थिर. खरी परीक्षा डुलुथमध्ये शिरताना, थॉम्पसन हिलच्या लांब उतारावर. तिथे इंजिनाला कामच नसतं आणि हीटर उष्णता ओढत राहतो. उतार लागण्याआधी पंखा कमी करा आणि सीट हीटर लावा. काचेवर वाफ धरू लागली तर मात्र डीफ्रॉस्ट आधी, मायलेज नंतर.

मुक्कामाची खोली ठरवताना पार्किंगमध्ये प्लग आहे का, हे विचारून घ्या. थंड इंजिन विजेवर गरम करणारा ब्लॉक हीटर साधारण 400 वॉटचा असतो. निघण्याआधी दोन-तीन तास पुरे, रात्रभर वीज जाळायची गरज नाही. टायमर आणि बाहेर वापरायची जाड वायर सोबत असू द्या. सकाळी काच लवकर मोकळी होते आणि इंजिन आधीच गरम असल्याने तेही लवकर बंद व्हायला लागतं, पेट्रोल वाचतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: बंद गॅरेजमध्ये किंवा सायलेन्सर बर्फात रुतलेला असताना गाडी ‘रेडी’वर, म्हणजे चालू स्थितीत, ठेवून बसू नका. शांत वाटली तरी इंजिन आपोआप सुरू होतं आणि कार्बन मोनॉक्साइड जमतो.

पारा शून्याच्या वर गेला की आधी खालचा फोम काढा. कूलंटचा आकडा 95च्या पुढे सरकू लागला तर सुरक्षित जागी थांबून सगळाच काढा.