डाव्या हातातला क्लच

जून-जुलै म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांचा उपासाचा काळ. कोकणातल्या पावसात गाडी शिकायला येणार कोण? तरी आमच्याकडे येतात, ते खलाशी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी आंजर्ल्याच्या खाडीत शाकारलेल्या, खलाशी घरी आणि खिशात हंगामाचे पैसे. त्या ६१ दिवसांत घराची कौलं, घरातली लग्नं, दवाखाना आणि लायसन, सगळं उरकायचं असतं.

गेल्या वर्षी असाच एक पंचविशीतला पोरगा आला. जूनच्या पहिल्याच आठवड्यात लर्निंगचा फॉर्म मीच भरला. परीक्षेत पंधरापैकी नऊ उत्तरं बरोबर यावी लागतात, त्याची तेरा आली. महिनाभर रोज सकाळी भावाच्या बाईकवर तो ट्रायलचा आठ, म्हणजे इंग्रजी 8 च्या आकाराचं वळण, काढत होता. पहिला गिअर, अर्धा क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय. महिन्याच्या शेवटी त्याचा आठ माझ्यापेक्षा चांगला निघायला लागला, हे मी त्याला सांगितलं नाही.

लर्निंग मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसनची ट्रायल देता येते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तालुक्याला आरटीओच्या साहेबांचा कॅम्प होता. मैदान जांभ्याचं, लाल चिखल झालेलं. फक्कीने आखलेला आठ पावसाने पुसून टाकला, तेव्हा साहेबांनी दोन जुने टायर ठेवायला लावले. यांच्याभोवती फिरायचं, पाय टेकला की घरी.

पोरगा बाईक घेऊन पुढे गेला. साहेबांनी कागद पाहिला, बाईक पाहिली, परत कागद पाहिला.

"हे बिनगिअरचं लर्निंग आहे. बाईकवर ट्रायल होणार नाही."

मी कागद हातात घेतला. वर्गाच्या रकान्यात 'मोटारसायकल विदाउट गिअर'. फॉर्मवर 'विथ गिअर'ची ओळ तिच्या शेजारीच असते. चूक माझी होती, शंभर टक्के. बावीस वर्षांच्या धंद्यात मी लोकांना हेच बजावत आलो, की 'टू-व्हीलरचं लायसन' असं काही नसतं. स्कूटरचं लायसन खिशात ठेवून बुलेट चालवली, तर कायद्याच्या नजरेत तुमच्याकडे बुलेटचं लायसनच नाही. अपघात झाला की विमा कंपनी सगळ्यात आधी हाच रकाना वाचते. आणि मीच शिकवलेल्या पोराच्या कागदावर तोच रकाना चुकला.

"साहेब, दोन चाकं हायत ना हिला?" पोरगा म्हणाला. रांगेत हशा पिकला. मला मात्र घाम फुटला होता. बाईकसाठी नवं लर्निंग काढलं तर पुन्हा तीस दिवस, आणि १ ऑगस्टला बोट सुटणार.

रांगेत मागे हर्णैची एक मावशी उभी होती. बंदरावरून मासळी घेऊन गावोगाव विकायला तिने स्कूटर घेतली होती. पायापाशी मासळीचा टब, त्यावर प्लास्टिक. ती म्हणाली, "माझी घे रे. कागद हायत सगळे." साहेबांनी आरसी, विमा, पीयूसी पाहिलं आणि त्याला शेवटचा नंबर दिला. हाताशी पाऊण तास होता.

मैदानाच्या कडेला मी त्याला स्कूटरवर बसवलं. दोन हात गेला आणि थांबला. पुन्हा तेच. मग माझ्या लक्षात आलं. बाईकला डाव्या हाताच्या लिव्हरला क्लच असतो, स्कूटरला तिथेच मागचा ब्रेक. वळणावर त्याचा हात सवयीने क्लच दाबत होता आणि गाडी जागच्या जागी थांबत होती. महिनाभर मीच घोटून बसवलेली सवय, आता पाऊण तासात काढायची.

"डावा हात विसर. रेस एकसारखी धर, ब्रेक नुसता टेकव. टायर बघू नको, त्याच्या पुढची जागा बघ."

"सुकाणूवर बसल्यावर बघतो तसं?"

"तसंच."

मला बोटीतलं काही कळत नाही, पण त्याला कळलं होतं. टब मात्र काढायला आम्ही विसरलो. आठच्या मधोमध तो टब सरकला, गाडी डगमगली आणि माझा श्वास अडकला. पाय काही टेकला नाही. पास.

मावशी मात्र तिच्याच स्कूटरवर दुसऱ्या टायरला टेकली. नापास झालं की सात दिवसांनी परत ट्रायल देता येते, पण आमच्याकडे कॅम्पच महिन्याने. ती हसून म्हणाली, "गाडी पास झाली, मी ऱ्हायले." पुढच्या कॅम्पला तिने एकही चूक केली नाही.

पोराचं लायसन आल्यावर बाईकचा वर्ग वाढवण्यासाठी मी नवं लर्निंग काढून दिलं, माझ्या खर्चाने. ते सहा महिने चालतं, त्यामुळे बोट सुटली तरी हरकत नव्हती. गणपतीला खलाशी घरी येतातच. विसर्जनानंतरच्या कॅम्पला त्याने बाईकवर आठ काढला, आणि जाताना मला विचारलं, "आता बघितलाव ना नीट कागद?"

तेव्हापासून फॉर्म भरताना मी रकाना मोठ्याने वाचतो आणि समोरच्याकडून वदवून घेतो. परवा एक बाप सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आला. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं, हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. मिळतं, पण बिनगिअरच्या आणि ५० सीसीपर्यंतच्याच गाडीचं, तेही पालकाच्या संमतीने. त्याने मुलासाठी घेऊन ठेवलेली स्कूटर ११० सीसीची. अल्पवयीन मुलाने ती चालवताना पकडलं तर पालकाला २५ हजार दंड आणि तुरुंगही होऊ शकतो, शिवाय पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही, हे सांगितल्यावर तो चावी खिशात घालून बसला. त्याच्या मागे एक आजोबा होते. त्यांना विचारलं, "गाडी गिअरची की बिनगिअरची?"

"जावयाची," ते म्हणाले.