तुम्ही विचारलंत म्हणून: लिव्ही खरा की डायोनिसियस?

रोमच्या राजांबद्दल काही लिहिलं की रोमन इतिहासकार लिव्ही खरा मानायचा की ग्रीक इतिहासकार डायोनिसियस, हा प्रश्न हमखास येतो. पुरावा म्हणून विचाराल तर डोळे झाकून दोघांवरही विश्वास ठेवू नका. दोघंही पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळातले, म्हणजे राजेशाही संपली (परंपरेने इ.स.पू. 509) त्यानंतर जवळजवळ 500 वर्षांनी लिहितायत, आणि गॉल लोकांनी शहर जाळलं तेव्हा बहुतेक जुन्या नोंदी गेल्या हे लिव्ही स्वतःच सहाव्या पुस्तकाच्या सुरुवातीला सांगून मोकळा होतो. रोमन माणसाने लिहिलेला पहिला इतिहास फेबियस पिक्टरचा, तोही इ.स.पू. 200 च्या आसपासचा, ग्रीकमध्ये, आणि आज फक्त इतरांनी दिलेल्या उताऱ्यांतून कळतो. आपण बखर वाचताना जसे सावध असतो तसंच इथे राहायचं.

पण मला विचाराल तर खरी मजा दोघांना शेजारी ठेवून वाचण्यात आहे. ल्युक्रेशियाचं घ्या, म्हणजे राजपुत्र सेक्स्टसने बलात्कार केल्यावर जीव दिलेली रोमन सरदाराची बायको; त्यावरूनच राजेशाही उलथली असं सांगतात. लिव्हीकडे अर्डिया गावाच्या वेढ्यात पोरं दारू पितायत, कोणाची बायको चांगली यावर पैज, मग रात्री घोडे दामटत घरी, तर ही दिव्याच्या उजेडात दासींबरोबर लोकर कातत बसलेली, आणि तिथेच सेक्स्टसची नजर फिरते. डायोनिसियसकडे पैजबिज काही नाही, बापाने कामासाठी पाठवलेला सेक्स्टस कोलॅशिया गावात तिच्या घरी मुक्कामाला उतरतो. लिव्हीची ल्युक्रेशिया घरीच सुरी खुपसून घेते, डायोनिसियसची रोमला बापाच्या घरी जाऊन. एकच बाई, एकच घटना!

डायोनिसियस ग्रीक, रोमन मुळात ग्रीकच हे त्याला पटवायचंय, त्यामुळे लिव्ही एका पुस्तकात उरकतो तो राजेशाहीच्या शेवटापर्यंतचा इतिहास सांगायला त्याला चार पुस्तकं लागतात आणि भाषणं तर विचारूच नका. कंटाळा येतो, तरी लिव्हीने गाळलेले तपशील त्याच्याकडे सापडतात म्हणून मी त्याला सोडत नाही.

आणि राजेशाही संपल्यावर एट्रुस्कन राजा पोर्सेनाने रोमला वेढा घातला तेव्हाचं बघा. पोर्सेनाला मारायला गेलेला आणि पकडला गेलेला रोमन तरुण म्यूसियस लिव्हीकडे स्वतःचा हात आगीत धरतो, डायोनिसियसकडे हात जाळण्याचा प्रसंगच नाही, पण दोघांकडेही पोर्सेना शेवटी तह करून निघून जातो. नंतरचा रोमन इतिहासकार टॅसिटस मात्र भलत्याच विषयावर लिहिताना सहज बोलून जातो की शहर पोर्सेनाला शरण गेलं होतं, आणि रोमन लेखक प्लिनी सांगतो की तहात अट होती, लोखंड वापरायचं ते फक्त शेतीसाठी. अशी अट हरलेल्यालाच घालतात ना राव.